हाताची नस आणि हँडलची शिंगे

पावसाळा सरला की महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर सायकली वाढतात. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत पहाटे हेल्मेट घातलेले गट दिसू लागतात आणि त्यात चाळिशी-पन्नाशीतले लोक बरेच असतात. कुणी वजनासाठी, कुणी साखरेसाठी, तर कुणी मित्रांच्या आग्रहाखातर सायकल काढलेली असते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. हृदयाला चालना देणारा आणि तरीही गुडघ्यांवर फार भार न टाकणारा असा दुसरा व्यायाम सहज सापडत नाही.

पण याच दिवसांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास कानावर येते. ‘करंगळीला मुंग्या येतात’, ‘सकाळी शर्टाची बटणे लावताना बोटे ऐकत नाहीत’, ‘कुलपात किल्ली फिरवायला जोर लागतो’. अशा रुग्णाच्या फायलीत साखरेचे अहवाल असतात, मानेचा एक्स-रे असतो, बी-१२ च्या इंजेक्शनांची चिठ्ठी असते. तो आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर सायकल चालवतो, ही नोंद मात्र कुठेच नसते. रुग्णाला ती सांगावीशी वाटत नाही आणि गर्दीच्या वेळी विचारायचे राहून जाते.

मग दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण ‘वय झाले आता’ म्हणून सायकल जिन्याखाली लावून टाकतात. काही जण ‘सायकल म्हटली की एवढे होणारच’ असे म्हणून बधिर हातानेच चालवत राहतात. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. बधिर हात ही सायकल चालवण्याची अटळ किंमत नाही. बहुतेक वेळा दोष वयाचा नसतो, हाताला तासन् तास एकाच स्थितीत डांबून ठेवणाऱ्या सरळ हँडलचा असतो. आणि त्यावर काही शे रुपयांत मिळणारा एक जुना, साधा आणि सध्या फॅशनबाहेर गेलेला उपाय आहे. हँडलच्या दोन्ही टोकांना लावायच्या आखूड दांड्या, म्हणजे बार-एंड. बैलाच्या शिंगांसारख्या दिसतात, म्हणून इथे त्यांना शिंगेच म्हणू.

नस नेमकी कुठे दबते?

कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव प्रत्येकाला असतो. ती अल्नर नस. कोपरामागून निघून ती मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळहातात उतरते. तळहाताच्या तळाशी, करंगळीच्या रेषेत, मटाराच्या दाण्याएवढे एक हाड बोटाने चाचपता येते. त्याच्या शेजारून ही नस एका अरुंद बोळातून जाते. फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स गियों यांनी १८६१ मध्ये या बोळाचे वर्णन केले, म्हणून त्याला गियोंचा मार्ग म्हणतात. इथे नसेवर स्नायूंची जाड गादी नसते. हँडलवर तळहात टेकवून अंगाचा भार टाकला की तो नेमका याच जागी येतो आणि खालून रस्त्याचे हादरे बसत राहतात.

ही काही आजच्या काळातली नवी व्याधी नाही. सायकलमुळे होणाऱ्या अल्नर नसेच्या अशा दुबळेपणाची नोंद फ्रान्समध्ये १८९६ मध्येच झाली होती. हवा भरलेले टायर तेव्हा नुकतेच रुळत होते आणि युरोपात सायकलचे वेड शिगेला पोहोचले होते. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ सायकलस्वारांचे हात ६०० किलोमीटरच्या फेरीआधी आणि नंतर तपासले गेले. त्यांपैकी २३ जणांना बधिरपणा किंवा हाताची ताकद कमी होणे, यांतला निदान एक त्रास झाला होता. अभ्यास छोटा आहे, पण लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना विचारा, ते याच अनुभवाला दुजोरा देतील.

दुसरी नस मीडियन. ती मनगटाच्या मध्यातून, एका घट्ट पट्ट्याखालून जाते. मनगट मागे वाकवून त्यावर भार दिला की या बोगद्यातला दाब वाढतो. मग अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते. संगणकावर किंवा पोळपाट-लाटण्यावर राबणाऱ्या हाताला ही नस आधीच त्रास देत असेल, तर सायकल त्यात भर घालते.

सरळ हँडलची अडचण

उभे राहा आणि दोन्ही हात अंगालगत सैल सोडा. अंगठे पुढे येतात आणि तळवे मांड्यांकडे वळतात. ही हाताची विश्रांतीची स्थिती. आता समोर आडवी सरळ दांडी धरा. तळवे खाली वळतात, म्हणजे हात पालथा होतो. थोडा वेळ यात काहीच वावगे नाही. पण दोन तास हात असाच पालथा राहिला, मनगट मागे वाकले आणि वर धडाचा भार आला, तर नस तक्रार करणारच.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचे हँडल आठवा. दूधवाल्याची, पोस्टमनची, शिक्षकाची ती सायकल. तिचे हँडल मागे वळलेले असते, मुठी स्वाराच्या दिशेने येतात, तळवे बऱ्यापैकी एकमेकांसमोर राहतात. पाठ ताठ, भार सीटवर. ती सायकल जड होती, चढावर दमवायची, पण तिने हाताला फारसे छळले नाही.

सरळ हँडल आले ते डोंगरी सायकलींवरून. या सायकली १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर जन्मल्या. दगडमातीच्या उतारावर सायकल ताब्यात ठेवायला रुंद, सरळ दांडी उपयोगी पडते. शिवाय तिथे स्वार सतत उठतो, बसतो, अंग मागेपुढे करतो, त्यामुळे हातावरचा भारही बदलत राहतो. आपण तेच हँडल डांबरी रस्त्यावर आणले. इथे रस्ता सपाट, शरीर एका जागी, पाय फिरताहेत आणि हात मात्र खिळ्यावर टांगल्यासारखे तिथेच. शर्यतीच्या सायकलच्या वाकड्या हँडलवर निदान तीन ठिकाणी हात ठेवता येतो. सरळ हँडलवर एकच.

शिंगे नेमकी ही उणीव भरून काढतात. ती पकडली की तळवे एकमेकांसमोर येतात, हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसे. मनगट सरळ होते. भार तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवरून अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याकडे सरकतो. दबलेल्या नसेला रक्त मिळते, खांदे आणि मानेचे स्नायूही थोडे मोकळे होतात. पाच मिनिटांनी पुन्हा मूळ जागी या, हरकत नाही. शिंगे धरणे ही फार श्रेष्ठ पकड आहे असे नाही. हाताला हलायला दुसरी जागा मिळते, हा त्यांचा खरा फायदा आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात डोंगरी सायकलींवर ही शिंगे सर्रास असत, मुख्यतः चढावर जोर लावण्यासाठी. पुढे अधिक रुंद आणि उंच हँडले आली, झाडीत शिंगे अडकण्याचा धोका होताच, आणि ती मागे पडली. डोंगरावरच्या स्वाराची गरज संपली असेल, पण कात्रजहून हिंजवडीला जाणाऱ्याची संपलेली नाही. तरीही दुकानात ‘आता हे कोणी लावत नाही हो’ असे ऐकावे लागते. हाताला फॅशन कळत नाही, दाब कळतो.

आधी भार कमी करा, मग शिंगे लावा

शिंगे हा पहिला उपाय नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हातावर मुळातच जास्त भार येत असेल, तर तो भार दुसऱ्या जागी नेऊन फार काही साधत नाही. म्हणून सायकल पुढील क्रमाने तपासावी.

प्रथम सीट पाहा. तिचे नाक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि ते हातांनी सावरावे लागते. सीट जमिनीला समांतर करा. दुसरे, हँडल. ते फार लांब किंवा फार खाली असेल तर हात ताठ होतात. कोपरे किंचित वाकलेली राहतील इतके ते जवळ आणि उंच हवे. तिसरे, ब्रेकचा लिव्हर. हा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लिव्हर वर वळवलेला असेल तर ब्रेकवर बोटे ठेवताना मनगट मागे मोडते. सीटवर बसून हात पुढे करा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा राहील इतका लिव्हर खाली फिरवून घ्या. अ‍ॅलन कीने पाच मिनिटांत होणारे काम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

टायर दगडासारखे टणक फुगवू नका. टायरच्या कडेवर दाबाची मर्यादा लिहिलेली असते, तिच्या आतला थोडा मऊ दाब हादरे शोषून घेतो. हातमोजे जरूर घाला, पण गादी जितकी जाड तितका आराम, हा समज सोडा. जाड गादी चुकीच्या जागी आली तर तीच नसेवर रुतते, आणि मूठ जाड झाल्याने आपण ती आणखी आवळून धरतो. मूठ सैल धरण्याची सवय लावा. चिमणी हातात धरावी इतकीच पकड पुरे.

एवढे केल्यावर शिंगे घ्या. स्वस्त प्लॅस्टिकची घेऊ नका. त्यांवर अंगाचा भार येणार आहे आणि ती तुटली तर तुम्ही थेट तोंडावर पडाल. अ‍ॅल्युमिनियमची, हाताच्या पंजात नीट मावतील अशी गोलसर घ्या. ती बसवण्यासाठी ग्रिप थोडी आत सरकवावी लागते किंवा तिचे बंद टोक कापावे लागते. ब्रेक आणि गिअरही त्याप्रमाणे आत घ्यावे लागतात. कोन महत्त्वाचा. आकाशाकडे रोखलेली शिंगे निरुपयोगी असतात. ती पुढच्या दिशेला, टोके किंचित वर, अशी ठेवा आणि मनगट सरळ राहते का ते बसून पाहा. कार्बनचे हँडल असेल तर त्यावर शिंगे चालतात का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहूनच पुढे जा, कारण जास्त आवळल्याने कार्बनला तडा जाऊ शकतो. बसवल्यावर उभे राहून पूर्ण जोराने दाबून पाहा, ती जराही फिरता कामा नयेत.

जिथे शिंगांना हात लावू नये

शिंगांची बाजू घेताना त्यांचा मोठा दोष लपवणे योग्य नाही. ती धरली की ब्रेक हाताखाली राहत नाही. सिग्नलजवळ, गर्दीच्या चौकात, उतारावर, खडी किंवा वाळूवर हात ब्रेकवरच हवेत. आपल्या रस्त्यांवर कधी रिक्षा आडवी येईल, कधी कुत्रे धावेल, कधी उभ्या गाडीचे दार उघडेल याचा भरवसा नाही. हात उचलून ब्रेकपर्यंत नेण्यात जाणारा क्षण महागात पडू शकतो. तेव्हा नियम सोपा ठेवा. मोकळा, सपाट किंवा चढाचा रस्ता असेल तर शिंगे, नाहीतर ब्रेक. रोजचा प्रवास सगळा गर्दीतलाच असेल, तर अशी शिंगे ग्रिप आणि ब्रेकच्या मधोमध, आतल्या बाजूला बसवण्याचीही पद्धत आहे. त्यात बोटे ब्रेकच्या जवळ राहतात. नाहीतर मागे वळलेले हँडल बसवून घेणे हाही चांगला पर्याय आहे.

दुसरा धोका टोकांचा. दाटीतून जाताना पुढे आलेले टोक दुसऱ्याच्या हँडलला किंवा पिशवीला अडकू शकते. आणि नळीचे टोक उघडे असेल तर पडल्यावर ते पोटात घुसल्यासारखे लागते. लहान मुलांमध्ये हँडलच्या टोकाच्या माराने यकृताला किंवा स्वादुपिंडाला इजा होते, आणि बाहेरून फक्त गोल वळ दिसतो. म्हणून शिंगे असोत वा साधे हँडल, टोकाला रबरी किंवा प्लॅस्टिकचे बूच हवेच. मुलाच्या सायकलची ग्रिप फाटून लोखंड उघडे पडले असेल तर ती आजच बदला. हँडल पोटाला लागल्यावर मूल उलट्या करत असेल किंवा पोट धरून बसत असेल, तर जखम दिसत नाही म्हणून घरी थांबू नका.

कोणते बोट बधिर, ते नीट पाहा

प्रत्येक बधिर हाताचे खापर सायकलवर फोडणेही घातक आहे. डॉक्टरांकडे येण्याआधी तीन गोष्टी पाहून ठेवा.

एक, कोणती बोटे? करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर अल्नर नस. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत असेल आणि रात्री झोपेतून जाग येत असेल, तर मीडियन.

दोन, हाताची मागची बाजू. अल्नर नस मनगटाच्या खाली दबली असेल, तर पंजाच्या मागच्या बाजूची, करंगळीकडची संवेदना शाबूत राहते, कारण त्या भागाची शाखा मनगटाच्या आधीच वेगळी झालेली असते. तिथेही बधिर वाटत असेल, तर दोष कोपरात, मानेत किंवा आणखी कुठे आहे. मग हँडल बदलून भागणार नाही.

तीन, ताकद. गियोंच्या मार्गात कधीकधी फक्त स्नायूंची शाखा दबते. अशा वेळी मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, आणि बोटांतली शक्ती मात्र हळूहळू जाते. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचे टोक वाकत असेल, किंवा अंगठा-तर्जनीमधला मागचा फुगीर भाग खोलगट झाला असेल, तर सायकल थांबवा आणि लवकर दाखवा.

नुसता बधिरपणा असेल तर दाब काढल्यावर तो बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत जातो. स्नायू दुबळे झाले असतील तर महिने लागू शकतात. दुरुस्त होणारी नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तिला घाई करता येत नाही. विश्रांतीनंतरही फरक नसेल, तर नसांची एनसीव्ही तपासणी करावी लागते.

दोन्ही हात आणि दोन्ही पाय बधिर होत असतील, तर मधुमेह, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड यांचा विचार हवा. मधुमेहात नसा आधीच नाजूक असतात आणि थोड्या दाबानेही लवकर दुखावतात. आणि महाराष्ट्रात एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे कुष्ठरोग. अल्नर नस ही त्याची नेहमीची जागा. अंगावर संवेदना नसलेला फिकट किंवा लालसर चट्टा, कोपरामागे जाड झालेली नस, चटका बसूनही न कळणे, यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. उपचार मोफत आहेत आणि वेळेवर घेतल्यास हात वाचतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

हे कुणासाठी?

हे वाचून ‘छंदिष्टांचे चोचले’ असे कुणाला वाटेल. मला उलट वाटते. हौशी स्वार बाराशे किलोमीटरची फेरी करून आला आणि बोटे बधिर झाली, तर तो हातमोजे बदलतो, तज्ज्ञाकडून सायकल अंगाला जुळवून घेतो. पण रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, एमआयडीसीतला कामगार, घरोघर पेपर टाकणारा, यांच्यासाठी सायकल हौस नाही. दुकानात आज डोंगरी धाटणीच्या, सरळ हँडलच्या सायकली समोर मांडलेल्या असतात, म्हणून तेही त्याच घेतात. रोज वीस-पंचवीस किलोमीटर करून हा माणूस त्याच हाताने लेथ चालवतो. त्याची पकड गेली तर रोजगार जातो. त्याला कुणी लिव्हर खाली फिरवून देत नाही आणि शिंगे नावाची वस्तू असते हेही सांगत नाही.

म्हणून अपेक्षा तीन. सायकल कंपन्यांनी शहरात चालवण्यासाठी म्हणून विकलेल्या सायकलींना मागे वळलेले हँडल तरी द्यावे, नाहीतर शिंगे बसतील एवढी जागा तरी ठेवावी. दुकानदाराने सायकल विकताना गिऱ्हाइकाला सीटवर बसवून सीट, लिव्हर आणि हँडल त्याच्या अंगाला जुळवून द्यावे. शिंपी माप न घेता शर्ट शिवत नाही, मग सायकलच का बिनमापाची? आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की बधिर हात घेऊन आलेल्याला ‘साखर आहे का’ या प्रश्नासोबत ‘सायकल चालवता का, आणि तिचे हँडल कसे आहे’ हेही विचारावे. एका वाक्याने एखाद्याचा एमआरआय वाचेल आणि एखाद्याची सायकल सुटायची थांबेल.

वाचकांनी मात्र कुणाची वाट पाहू नये. येत्या रविवारी पान्हा आणि अ‍ॅलन की घेऊन पंधरा मिनिटे सायकलपाशी बसा. सीट समांतर, लिव्हर खाली, टोकांना बुचे, आणि लांब चालवत असाल तर एक जोडी शिंगे. मग रस्त्यावर दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. आणि करंगळीने हाक मारली, तर ती पहिल्याच हाकेला ऐका.